पाण्याच्या पृष्ठावरील लाटा व रेणूंची पारख

शेतकऱ्याचें सारें आयुष्य पाण्याची पारख करण्यांत जातें. विहिरीला पाणी किती पुरुष आहे, तें गोडें आहे कीं मचूळ, पाटांतून तें किती वेगानें येतें, कोणत्या बांधाखालून तें झिरपतें, हें त्यास न शिकवितां समजतें. परंतु पाण्याचें जें अगदीं वरचें अंग, ज्यास आपण पाण्याची पाठ म्हणूं, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः पाण्यांत काय मिसळलें आहे याची पहिली खबर बहुधा ही पाठच देते. दूध, रक्त, पित्त इत्यादि पदार्थांतील अतिसूक्ष्म रेणू द्रवाच्या पृष्ठावर येऊन बसतात, आणि त्यांच्या येण्यानें त्या पृष्ठावरील लाटांची चाल बदलते. लाटेची चाल पाहून रेणूंचा माग काढावयाचा, अशी ही विद्या आहे. तिचीं मुळें अडीचशें वर्षांपूर्वींच्या प्रयोगांत आहेत, तिच्या नात्यांतल्या साध्या परीक्षा आज दवाखान्यांत व दूध-संकलन केंद्रांवर चालतात, आणि तिची मर्यादा न ओळखल्यास शेतकऱ्याच्या पदरीं नाहक नुकसान येतें. म्हणून हा विषय आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पाण्याची पाठ ताठ कां असते

पाण्याचे रेणू एकमेकांस चहूंकडून ओढीत असतात. पोटांतील रेणूस सर्व बाजूंनीं सारखी ओढ असते, म्हणून तो निवांत राहतो. अगदीं वरच्या रेणूस मात्र वरून ओढणारा कोणी नसल्यानें तो आंत खेंचला जातो. यामुळें पाण्याची पाठ चौकटीवर ताणून बांधलेल्या कापडासारखी ताठ होते. या ताठपणास पृष्ठताण म्हणतात. विहिरीच्या पाण्यावर पाय न बुडवितां धांवणारे किडे आपण पाहतों, ते या पृष्ठताणाच्या आधारानेंच धांवतात. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअस उष्णमानास मीटरमागें सुमारें ७२.८ मिलिन्यूटन भरतो, आणि ३० अंशांस तो सुमारें ७१.२ वर उतरतो. म्हणजे निवळ उन्हानेंही हा आंकडा हलतो, हें पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावें.

आतां स्निग्धाम्लें, पित्तक्षार, साबण अशा पदार्थांचे रेणू दुतोंडी असतात. त्यांच्या एका टोंकास पाणी मानवतें, दुसऱ्यास मानवत नाहीं. असा रेणू पाण्याच्या पोटांत स्वस्थ राहूं शकत नाहीं. तो पाठीवर येतो आणि खाचरांत लावलेल्या भाताच्या रोपाप्रमाणें मूळ पाण्यांत व पातें हवेंत ठेवून उभा राहतो. प्रथिनांचे रेणू मोठे व गुंडाळलेले असल्यामुळें ते असे ताठ उभे न राहतां पसरून बसतात, पण बसतात तेथेंच. अशी लावणी दाट झाली म्हणजे पाठीचा ताण कमी होतो. रिठ्याच्या पाण्याचा थेंब कोबीच्या पानावर गोळा न होतां पसरतो, याचें कारण हेंच.

वीस गुंठ्यांस एक चमचा

खवळलेल्या पाण्यावर तेल ओतलें असतां लाटा शमतात, ही गोष्ट खलाशांस फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. रोमन ग्रंथकार प्लिनी यानेंही तिचा उल्लेख केला आहे. अमेरिकेचे मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७५७ सालीं जलप्रवासांत कांहीं गलबतांच्या मागील पाणी विलक्षण गुळगुळीत असल्याचें पाहिलें, आणि पुढें लंडनजवळील क्लॅपम येथील तळ्यावर स्वतः प्रयोग केला. वारा वाहत असतां त्यांनीं फार तर चहाचा एक चमचा तेल पाण्यावर टाकलें. तें पसरत पसरत सुमारें अर्धा एकर पाणी आरशासारखें शांत करून गेलें. हा वृत्तांत १७७४ सालीं प्रसिद्ध झाला.

आमचा जन्म मोजणीच्या व आकारणीच्या कागदांत गेला असल्यामुळें येथें हिशेब केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे. गुंठा सुमारें १०१ चौरस मीटरांचा, म्हणजे एकूण क्षेत्र २,००० चौरस मीटरांहून किंचित् अधिक. चमच्यांत ४ घन सेंटिमीटर तेल धरलें आणि तें या क्षेत्रावर सारखें वांटलें, तर थराची जाडी निघते ती अशी: एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करावे आणि त्यांतील अवघे दोन घ्यावे. अशा एका भागास नॅनोमीटर म्हणतात. हा साधा भागाकार खुद्द फ्रँकलिन यांनीं केला नाहीं. केला असता तर एका रेणूची उंची सुमारें किती असावी याचा अंदाज शंभर वर्षें आधींच मिळाला असता.

तो भागाकार इंग्लंडांत लॉर्ड रॅले यांनीं १८९० सालीं केला. साक्षीस त्यांनीं कापूर घेतला. स्वच्छ पाण्यावर कापराचा कण टाकला कीं तो आपोआप नाचूं लागतो, कारण तो विरघळतांना एका बाजूचा पृष्ठताण अधिक घटवितो आणि दुसरी बाजू त्यास ओढून नेते. पाण्यावर तेलाचा पुरेसा थर आला म्हणजे हा नाच थांबतो. रॅले यांनीं नाच थांबविण्यास लागणारें ऑलिव्हचें तेल तोलून पाहिलें, तेव्हां त्या थराची जाडी दीड ते दोन नॅनोमीटर भरली.

हा प्रयोग कोणाही शेतकऱ्यास घरीं करतां येण्याजोगा आहे. परात राखेनें घांसून, वारंवार पाण्यानें धुऊन, स्वच्छ पाण्यानें भरावी. चिमट्यानें कापराचे बारीक कण त्यांत टाकावे. ते नाचूं लागले म्हणजे केसांवरून फिरविलेलें बोट पाण्यास एकवार लावावें. नाच मंदावेल किंवा अजिबात थांबेल. बोटावरचा तो तेलकटपणा डोळ्यांस दिसला नाहीं, तागडीस कळला नाहीं, परंतु पाण्याच्या पाठीस तत्काळ कळला. जीवजन्य रेणूंची ही सर्वांत स्वस्त परीक्षा होय.

याच सुमारास जर्मनींतील ब्राउनश्वाइग या शहरीं आग्नेस पॉकेल्स नांवाच्या एका गृहिणीनें याहून मोठें काम केलें होतें. स्त्रियांस तेव्हां तेथील विद्यापीठांत प्रवेश नव्हता. घरीं आजारी आईबापांची शुश्रूषा करीत या बाईंनीं १८८० नंतरच्या वर्षांत पत्र्याचें एक उथळ भांडें बनविलें. पाण्याच्या पाठीवरून सरकणारी पत्र्याची पट्टी त्यावर ठेवली, आणि एक साधें बटण लहानशा तराजूस टांगून तें पाण्यावरून उचलण्यास किती वजन लागतें तें मोजलें. पट्टी सरकवून पाण्याची पाठ आंखडली असतां पृष्ठताण बराच वेळ जसाच्या तसा राहतो, आणि एका ठराविक मर्यादेनंतर एकदम उतरतो, असें त्यांस दिसलें. ती मर्यादा म्हणजे रेणूंस एकमेकांचा खांदा लागण्याचा क्षण. १८९१ च्या जानेवारींत बाईंनीं रॅले यांस पत्र लिहिलें. रॅले यांनीं तें भाषांतर करवून ‘नेचर’ या नियतकालिकाकडे शिफारशीनें धाडलें, आणि तें त्याच वर्षीं मार्चांत छापून आलें. याच धर्तीचें उपकरण सुधारून अमेरिकेंतील अर्व्हिंग लँगम्यूर यांनीं १९१७ सालीं आपला प्रसिद्ध निबंध लिहिला आणि १९३२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच १९३२ सालीं ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यालयानें पॉकेल्सबाईंस सन्माननीय पदवी दिली. तेव्हां त्यांचें वय ७० वर्षांचें होतें.

लाट कां विरते

एवढ्यावरून पाठीवर रेणू बसतात हें सिद्ध झालें. आतां लाटांकडे वळूं.

पाण्यावरील लाट दोन बळांनीं चालते. मोठ्या लाटेस पृथ्वीचें आकर्षण खालीं ओढतें, लहान लाटेस पृष्ठताण सपाट करूं पाहतो. विल्यम थॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनीं १८७१ सालीं दाखविलें कीं स्वच्छ पाण्यावर या दोहोंची सीमा सुमारें १.७ सेंटिमीटर लांबीच्या लाटेवर येते, आणि ही लाट सर्वांत सावकाश, म्हणजे सेकंदास सुमारें २३ सेंटिमीटर वेगानें चालते. याहून आंखूड लाट ही पृष्ठताणाच्या राज्यांतली. म्हणून रेणूंची पारख करावयाची तर ती या आंखूड लाटांवर करावी लागते.

लाट पुढें जातांना पाण्याची पाठ कोठें आंखडते, कोठें ताणली जाते. पाठ स्वच्छ असेल तर तीस त्याचें कांहीं नसतें. परंतु तीवर रेणूंचा थर असेल तर आंखडलेल्या जागीं रेणूंची दाटी होते व तेथील ताण घटतो. ताणलेल्या जागीं ते विरळ होतात व तेथील ताण वाढतो. हा कमीजास्तपणा पाठीस उलट दिशेनें ओढूं लागतो. पाठीखालच्या पातळ पाण्यांत त्यामुळें घर्षण वाढतें आणि लाटेचें बळ त्यांत खर्ची पडतें. फ्रँकलिन यांच्या तळ्यावर वाऱ्यास लाटा उठवितां आल्या नाहींत, त्याचें एक मुख्य कारण हें होय. सेकंदास १०० वेळां डोलणारी लाट घेतली तर पाठीवर न ताणली जाणारी साय असल्याप्रमाणें थर बसला असतां ती स्वच्छ पाण्यावरील लाटेच्या दुपटीहून अधिक त्वरेनें विरते, असें गणितानें निघतें.

येथें एक खोंच आहे. थर जितका ताठ तितकी लाट लवकर विरते, असें सरळ प्रमाण नाहीं. ताठपणा मध्यम असतांना लाट सर्वांत लवकर विरते, आणि थर आणखी ताठ झाला म्हणजे तो जोर पुन्हा थोडा ओसरतो. म्हणून विरण्याच्या एकाच आंकड्यावरून रेणू किती आहेत हें सांगूं गेल्यास दोन निरनिराळीं उत्तरें संभवतात. जाणता मनुष्य लाटेची लांबी व तिचें विरणें, दोन्ही मोजतो.

लाट मुद्दाम उठविण्याची सर्वांत सुबक रीत मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं वर्णिली. फॅरडे हे लोहाराचे पुत्र व बुकबाइंडराकडे उमेदवारी केलेले गृहस्थ. द्रवाचा पातळ थर असलेली पाटी खालींवर कंपित केली असतां द्रवाच्या पाठीवर चौकटींची रेखीव नक्षी उमटते, आणि पाटीचीं दोन कंपनें होतात तेव्हां त्या लाटांचें एक डोलणें पुरें होतें, असें त्यांनीं नोंदविलें. रॅले यांनीं १८८३ सालीं तें पडताळून पाहिलें. या लाटांस आज फॅरडे-लाटा हेंच नांव आहे.

या नक्षीचे दोन गुण रेणूंच्या पारखीस उपयोगीं पडतात. पहिला असा कीं ती कोणत्याही हलविण्यानें उमटत नाहीं. हलविण्याचा जोर एका ठराविक उंबरठ्यापलीकडे गेला तरच ती उमटते, आणि लाट जितकी लवकर विरणारी तितका हा उंबरठा उंच. म्हणून पाठीवर रेणूंचा थर बसला कीं नक्षी उमटविण्यास बहुधा अधिक जोर लागतो, व तो जोर मोजतां येतो. दुसरा गुण नक्षीच्या मापाचा. थाळी सेकंदास २०० वेळां हलविली तर लाट १०० वेळां डोलते. स्वच्छ पाण्यावर अशा लाटेची लांबी सुमारें ३.६ मिलिमीटर येते. पृष्ठताण निम्म्यावर आला तर तीच सुमारें २.९ मिलिमीटर होते. हा फरक साध्या भिंगानेंही दिसेल. अलीकडे प्रयोगशाळांतून अशा लाटांचीं छायाचित्रें घेऊन द्रवांतील प्रथिनें व स्निग्धें हुडकण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांत मोठें आकर्षण हें कीं नमुन्यास कोणताही रंग अगर औषध लावावें लागत नाहीं, आणि नमुना थेंबांच्या मापानें पुरतो.

न हलविलेल्या पाण्याची थरथर

याहूनही सूक्ष्म रीत आहे. भांड्यांतील पाणी कितीही निश्चळ दिसलें तरी रेणूंच्या उष्णतेच्या धडपडीमुळें त्याच्या पाठीवर सतत अतिबारीक लाटा उठत असतात. त्यांवरून प्रकाश किंचित् विखुरतो. हें विखुरणें आणि पृष्ठताण यांचा संबंध ज्यांनीं प्रयोगानें तपासला त्यांत कलकत्त्यास काम करणारे चंद्रशेखर वेंकट रामन व त्यांचे सहकारी ल. अ. रामदास हे होते. त्यांचा यावरील निबंध १९२५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढें लेसर प्रकाश हातीं आल्यावर, १९६० नंतरच्या दशकांत, ही थरथर नेमकी मोजतां येऊं लागली.

आमच्या वाचकांस रामदास यांचें नांव परकें वाटूं नये. हेच रामदास पुढें पुण्यास हवामानखात्यांत आले आणि १९३२ सालीं तेथें उघडलेल्या शेतकी-हवामान शाखेचे प्रमुख झाले. निरभ्र व निवांत रात्रीं सर्वांत अधिक गारवा उघड्या जमिनीस लागून नसून तिच्यावर कांहीं अंतरावर असतो, हें त्यांनीं दाखविलें. तुषारापासून रोपें राखणाऱ्यास त्याचें महत्त्व सांगावयास नको. पाण्याच्या पाठीवरील प्रकाश पाहणारी दृष्टि जमिनीच्या पाठीवरील थंडीही पाहूं शकली.

गाईचें फुप्फुस व नवजात अर्भक

या विद्येनें जीव कसे वांचले त्याचें एक उदाहरण देतों. आपल्या फुप्फुसांत असंख्य सूक्ष्म पिशव्या असून त्यांचें आंतील अंग ओलें असतें. त्या ओलाव्याचा पृष्ठताण शुद्ध पाण्याइतका असता तर श्वास सोडतांच त्या मिटून बसल्या असत्या. अमेरिकेंतील जॉन क्लेमेंट्स यांनीं १९५७ सालीं फुप्फुसांतील द्रव पॉकेल्सबाईंच्या धर्तीच्या भांड्यांत ताणून-आंखडून पाहिला. पाठ आंखडली कीं त्याचा ताण फार खालीं उतरतो, असें त्यांस आढळलें. तेथें विशिष्ट स्निग्धाचा थर असतो हें त्यावरून कळलें. १९५९ सालीं मेरी एलन ॲव्हरी व जेरे मीड यांनीं दाखविलें कीं अपुऱ्या दिवसांचीं जीं मुलें श्वास कोंडून दगावतात त्यांच्या फुप्फुसांत हाच थर अपुरा असतो.

मग प्रश्न आला कीं मूल पोटांत असतांनाच हें कसें ओळखावें. क्लेमेंट्स यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७२ सालीं एक सोपी परीक्षा सांगितली. गर्भाशयांतील पाण्याचा नमुना मद्यार्कांत मिसळून नळींत हलवावयाचा, आणि पाव तासानें नळीच्या कडेस बुडबुड्यांचें कडें टिकलें आहे कीं नाहीं तें पाहावयाचें. यांतील मद्यार्काचें काम नीट समजून घेण्यासारखें आहे. नुसत्या पाण्यांत इतर प्रथिनांचाही फेंस होतो. मद्यार्क घातला कीं तो बसतो आणि फुप्फुसाच्या स्निग्धाचाच टिकतो. पुढें १९८० सालीं जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनीं गाईच्या फुप्फुसांतून काढलेल्या स्निग्धापासून तयार केलेलें औषध अशा अर्भकांस देऊन त्यांचा श्वास सुधारल्याचें प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून या उपचाराचा प्रसार जगभर झाला आहे.

कब्जा आणि कब्जेदार

आतां मर्यादेकडे येऊं, कारण शेतकऱ्याचें हित तेथें गुंतलेलें आहे. महसुली दप्तराच्या भाषेंत बोलावयाचें तर पाण्याची पाठ कब्जा झाला आहे एवढें खात्रीनें सांगते, परंतु कब्जेदाराचें नांव सांगत नाहीं. साबण बसला, प्रथिन बसलें, कीं बोटाचें तेल बसलें, पृष्ठताण तर तिन्ही वेळां घटतो. गांवांत एखाद्या गटावर अतिक्रमण झालेलें दिसलें म्हणून कोणीही शहाणा अंमलदार पहिल्या भेटणाऱ्या मनुष्यास दंड करीत नाहीं. तो आधीं उतारा पाहतो, पंच बोलावतो, मोजणी करवितो.

शास्त्रज्ञही तेंच करतात. एक उपाय क्लेमेंट्स यांच्या मद्यार्काचा, म्हणजे इतर दावेदारांस आधींच बाजूस सारण्याचा. दुसरा उपाय पाठीवर पहारेकरी बसविण्याचा. स्निग्धाचा तयार थर पाण्यावर पसरून त्यांत एका विशिष्ट प्रथिनासच धरणारे रेणू पेरून ठेवतात. तें प्रथिन नमुन्यांत असेल तर तें खालून येऊन त्यांस चिकटतें, थराचा ताठपणा बदलतो आणि लाटांची चालही बदलते. दुसरा रेणू सहसा चिकटत नाहीं. अशा रीतीनें कब्जेदाराचें नांव कळतें. परंतु त्यास स्वच्छ भांडें, स्थिर उष्णमान आणि तुलनेस शुद्ध नमुना हीं तिन्ही लागतात. बोटाच्या स्पर्शानें जेथें कापराचा नाच थांबतो, तेथें अस्वच्छ भांड्यांतील आंकड्यास काय किंमत देणार?

दुधाचा फेंस

वरील भेद केवळ प्रयोगशाळेचा नाहीं. दुधांत धुण्याची पावडर मिसळली आहे कीं काय हें पाहण्याची एक साधी रीत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें सांगितली आहे. ५ ते १० मिलिलिटर दुधांत तितकेंच पाणी घालून जोरानें हलवावें. भेसळ असल्यास दाट फेंस येतो, शुद्ध दुधावर पातळ थरच येतो. रीत योग्य आहे, पण ती प्राथमिक आहे. दुधांत स्वतःचीं प्रथिनें असतातच व त्यांचाही फेंस होतो. तो किती यावा हें दुधाचें उष्णमान, त्यांतील स्निग्ध व हलविण्याचा जोर यांवर अवलंबून असतें.

आमच्या तालुक्यांतील एका संकलन केंद्रावर एका विधवा बाईचें दूध फेंस अधिक आला एवढ्याच कारणानें लागोपाठ दोन दिवस परत केलें गेलें. दोन म्हशींवर तिचा संसार. भेसळीचा बोभाटा झाला तो निराळाच. तिनें भांडण केलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें केंद्राच्या माणसास व गांवच्या दोन प्रतिष्ठितांस गोठ्यावर बोलावलें, त्यांच्या देखत धार काढली, आणि तेंच दूध त्यांच्याच नळींत हलवावयास सांगितलें. फेंस पहिल्याइतकाच आला. तेथून पुढें तिचें दूध घेतलें जाऊं लागलें, परंतु बुडालेल्या दोन दिवसांचे पैसे तिला मिळाले नाहींत. रीतसर पंचनाम्याचें महत्त्व आम्ही चाळीस वर्षें कागदावर लिहीत आलों. या बाईनें तें गोठ्यांत करून दाखविलें.

याच्या जोडीची एक परीक्षा मात्र शेतकऱ्यानें स्वतः अवश्य शिकावी. गाई-म्हशींच्या दगडीची, म्हणजे कासदाहाची, ही परीक्षा १९५७ सालीं अमेरिकेंत शाल्म व नूरलँडर यांनीं प्रसिद्ध केली व ती कॅलिफोर्निया-परीक्षा म्हणून ओळखली जाते. चार वाट्यांच्या पाटींत चारी सडांचें थोडथोडें दूध वेगवेगळें घ्यावें, तितकेंच ठराविक साबणी औषध घालावें आणि पाटी आडवी गोल फिरवावी. निरोगी सडाचें दूध पाण्यासारखें फिरत राहतें. सडास सूज असेल तर दुधांतील पेशी औषधानें फुटतात, त्यांतील डीएनए नांवाचे लांब दोऱ्यांसारखे रेणू मोकळे होतात, आणि दूध चिकट व घट्ट होऊन वाटीच्या मध्यास गोळा होऊं लागतें. येथेंही द्रवाच्या हालचालीवरूनच रेणू ओळखला जातो. फरक इतकाच कीं ही खबर पाठीची नसून पोटाची आहे. डोळ्यांस दूध अजून चांगलें दिसत असतां रोग कळतो, हा याचा खरा लाभ.

विहिरीच्या पाण्यावर कधीं कधीं रंगीत तवंग दिसतो व पंपांतील तेल गळलें असा संशय येतो. काठीनें तो तवंग मोडून पाहावा. ताटलीच्या खापऱ्यांप्रमाणें त्याचे तुकडे पडून ते तसेच अलग राहिले, तर तो बहुधा पाण्यांतील लोहावर वाढणाऱ्या जंतूंचा थर असतो. काठीमागें तो पुन्हा मिळून एक झाला, तर तें बहुधा तेल असतें. खात्री मात्र पाण्याचा नमुना तपासून घेऊनच करावी.

तात्पर्य

पाण्याची पाठ अत्यंत जागरूक आहे. नॅनोमीटरभर जाडीचा थरही तिला कळतो, आणि तिच्यावरची लाट तो आपणांस कळवूं शकते. म्हणून तिची खबर कधीं दुर्लक्षूं नये. परंतु खबर म्हणजे निकाल नव्हे. फेंसावरून अगर तवंगावरून कोणाच्या मालावर दोष ठेवण्याचा प्रसंग आला तर त्याच भांड्यांत, त्याच वेळीं, शुद्ध असल्याचें ठाऊक असलेला दुसरा नमुना शेजारीं तपासावा. नमुन्याचे दोन भाग करून एक मोहोरबंद ठेवावा, आणि नांव घेऊन आरोप करावयाचा असेल तर नांव सांगणारी परीक्षा करवावी. हा हक्क शेतकऱ्यानें नम्रपणें परंतु न चुकतां मागावा, आणि आपल्या संस्थेच्या प्रत्येक केंद्रावर त्याची लेखी तजवीज असावी, असें आमचें मत आहे.